आंबेखारचं म्हणणं

त्या सकाळी हेमाच्या घरात पुन्हा पाण्यावरून वादावादी झाली. टँकर आला नव्हता. तिचा नवरा प्रीतम चेहऱ्याला साबण फासून कोरड्या नळाकडे बघत उभा होता आणि नववीतली ऐश्वर्या दप्तर आपटत म्हणत होती, "आई, तू शाळेत पत्ता देताना मुक्काम पोस्ट आंबेखार का लिहिलंस? वर्गात सगळे मला गावठी म्हणतात."

"मग काय लिहू?"

"डोंबिवली लिही ना! बाकीचे तेच लिहितात."

हेमाला मुलीचा राग आला नाही, कारण ती स्वतःही ऑफिसात तेच सांगत असे. ठाण्याच्या एका कंपनीत ती हिशेब विभागात होती. कुठे राहतेस असं कोणी विचारलं की ती पटकन "डोंबिवली" म्हणे आणि विषय बदले. खरं तर आंबेखार डोंबिवलीच्या वेशीवरचं आगरी लोकांचं गाव. भाताची शेतं विकली गेली, तिथे टॉवर उभे राहिले, आणि टॉवरच्या पायथ्याशी जुनं गाव होतं तसंच राहिलं. लिफ्टने वर जाणारी हजारो माणसं आणि खाली अंगणात सुकट वाळवणारी माणसं, सगळ्यांचा कारभार एकाच छोट्या ग्रामपंचायतीकडे! रस्त्यावर दिवे नाहीत, कचऱ्याची गाडी येईल तेव्हा खरी. तुमच्या-आमच्यासारख्या माणसाला वाटावं तेच हेमाला वाटे, की एकदा गाव महापालिकेत गेलं म्हणजे सुटलो.

आणि तशी संधी आली. आंबेखार महापालिकेत घेण्याचा इरादा सरकारने जाहीर केला. ज्याला जे म्हणायचं असेल ते त्याने सुनावणीत येऊन सांगावं, असंही कळवलं. हेमा तिच्या टॉवरच्या सोसायटीची सेक्रेटरी होती, बोलण्यात तरबेज होती. टॉवरवाल्यांनी तिलाच पुढे केलं.

गावाचा पाठिंबाही हवा होता, म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेला गेली. गावदेवीच्या देवळापुढच्या मंडपात सतरंज्या अंथरल्या होत्या. बायका पुढे बसल्या होत्या, पुरुष खांबांना टेकून. हेमाने पाणी, दिवे, रस्ते, सगळं छान समजावून सांगितलं. माना डोलल्या. तेवढ्यात साठीच्या पुढची एक बाई उठून उभी राहिली. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. या आवडाबाई. एकेकाळी ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. आता पद नव्हतं, पण ग्रामसभेत त्यांनी तोंड उघडलं की ग्रामसेवक लिहायचं थांबून ऐके.

"बाय, मना बोलाचा हाय," त्या म्हणाल्या. "शहरान जावाला आमची ना नाय. पन आमचा दवाखाना जिल्हा परिषदेचा. गाव शहरान गेला का ते म्हनतील आता तुमचा आमचा संबंध नाय. मंग सिस्टर जाल. आगुदर महापालिकेनी दवाखाना हातान घ्यावा, मंगच गाव घ्यावा. ह्यो सांगशील का तिथं?"

दवाखाना म्हणजे आरोग्य उपकेंद्राच्या दोन खोल्या. तिथली सिस्टर बाळांना लस देई, गरोदर बायकांना तपासे आणि म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर मोजून गोळ्या देई. साऱ्या सभेने आवडाबाईंच्या म्हणण्याला हात वर केले.

"नक्की सांगते मावशी," हेमा म्हणाली. "तुम्ही कशाला उन्हातान्हात ठाण्याला येता? मी तुमच्या वतीने मांडते."

सुनावणीच्या दिवशी ठाण्याच्या त्या कार्यालयात मोठी गर्दी होती. आजूबाजूच्या गावांची माणसं आली होती. कोणी ओरडत होतं, कोणी निवेदन फडकवत होतं. ज्या गावांनी अटी घातल्या त्यांच्या नावापुढे अधिकारी "विरोध" असं लिहून घेत होते. हेमाने ते पाहिलं. आंबेखारपुढेही विरोध लिहिलं तर? पुन्हा वर्षानुवर्षं टँकर, पुन्हा मुक्काम पोस्ट!

तिचा नंबर आला. अधिकाऱ्यांनी मान वर न करता विचारलं, "गावाचं म्हणणं काय?"

"पूर्ण संमती आहे, सर."

"काही अट?"

हेमाने त्यांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. मग म्हणाली, "काही नाही."

ती वळली तर मागे दाराशी आवडाबाई उभ्या होत्या. सुनेला, संचिताला, सोबत घेऊन उन्हातान्हात आल्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. हेमाचे कान तापले. आता या चारचौघांत बोलणार, असं तिला वाटलं. आवडाबाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "जेवलीस का गो? तोंड सुकलाय तुझा."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं!

यथावकाश अधिसूचना निघाली. आंबेखार शहर झालं. टॉवरमध्ये पेढे वाटले गेले, फ्लॅटचे भाव चढले, ऐश्वर्याच्या शाळेत पत्ता बदलला. काही दिवे लागले, पाण्याची नवी लाइन टाकायला सुरुवात झाली. आणि आवडाबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. सिस्टरची बदली झाली, उपकेंद्राला कुलूप लागलं. जिल्हा परिषदेत विचारावं तर उत्तर येई, तुम्ही आता शहरी भाग. महापालिकेत विचारावं तर उत्तर येई, हस्तांतरण व्हायचं आहे.

पूर्वी आवडाबाई ग्रामसभेत उभ्या राहिल्या असत्या. पण ग्रामपंचायतच राहिली नव्हती, मग ग्रामसभा कुठली? महापालिकेची निवडणूक झाली नव्हती, त्यामुळे नगरसेवकही नव्हता. कारभार प्रशासकाकडे. जाब विचारायला गावाला माणूस उरला नाही.

एकदा त्या टॉवरखाली येऊन हेमाला भेटल्या. "सिस्टर कई येल गो?"

"येईल मावशी, प्रोसेस चालू आहे." हेमाने दोनदा फोन केले, एक तक्रार टाकली. मग दिवाळी आली, ऐश्वर्याची परीक्षा आली, आणि ते मागे पडलं. मुद्दाम नाही. पण पडलं. गावातून जायचं टाळून ती लांबच्या रस्त्याने रिक्षा स्टँडवर जाऊ लागली, हे मात्र मुद्दाम होतं.

एका दुपारी ऑफिसात संचिताचा फोन आला. सोसायटीतल्या बायकांचे ब्लाउज ती शिवत असे, म्हणून तिच्याकडे नंबर होता.

"ताई, आईंना लकवा मारलाय. आम्ही ठाण्याच्या सरकारी हॉस्पिटलात आहोत. इथं कुणी ओळखीचं नाही. तुमचं ऑफिस इथंच ना?"

हेमा धावत गेली. आवडाबाईंचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात निर्जीव पडला होता. डॉक्टर संचिताला विचारत होते, "प्रेशरच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"सिस्टर गेल्यापासून," संचिता म्हणाली. "आधी गल्लीत दवाखाना होता, जाऊन यायच्या. आता शहरातल्या दवाखान्यात दोन रिक्षा बदलून जायचं, तिथं अर्धा दिवस लाइनीत. मी दोनदा नेलं. मग त्याच म्हणाल्या, मना काय झालाय? माझीपण कामं होती, ताई. मीच लक्ष द्यायला हवं होतं."

संचिता स्वतःला दोष देत रडत होती. आवडाबाईंनी हेमाला ओळखलं. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड हलवलं. नुसता आवाज आला, शब्द आला नाही. ग्रामसभेत जिच्यासाठी लिहिणारा हात थांबे, तिची वाचा गेली होती!

घरी प्रीतमने समजूत घातली. "तू उगाच मनाला लावून घेतेस. गोळ्या मेडिकलमध्येही मिळतात."

"मिळतात. पण प्रेशर मोजून 'मावशी, गोळी चुकवलीत का?' असं दरडावणारं तिथे कोणी नसतं."

"अगं, पण निर्णय सरकारचा होता. तू कोण?"

हेच वाक्य तिने कितीतरी वेळा स्वतःला ऐकवलं होतं. त्याने बरं वाटत नव्हतं. निदान दवाखाना तरी उघडावा, म्हणून ऑफिसातली मैत्रीण रचना हिच्या वडिलांकडे ती गेली. ते राजरत्न सर, जवळच कोपरला राहत. आयुष्यभर कायद्याच्या कॉलेजात शिकवलं, निवृत्तीनंतर लोकांना अर्ज-निवेदनं लिहून देत. हेमाने सगळं सांगितलं. सुनावणीतलं मात्र गाळलं.

सरांनी शांतपणे ऐकलं. "गावाचा ठराव होता म्हणता. मग सुनावणीत दवाखान्याचा मुद्दा आला नाही?"

हेमा म्हणाली, "मी मांडला नाही."

"का?"

"विरोध म्हणून लिहितील अशी भीती वाटली. पण सर, मी मांडला असता तरी सरकारने केलं असतं ते केलंच असतं. ठरवणारी मी कोण?"

"हे बघा," सर म्हणाले, "वस्ती किती, उत्पन्न किती, किती लोक शेतीवर जगतात, हे बघून राज्य ठरवतं, याला गाव म्हणायचं, याला नगरपंचायत, याला नगरपरिषद, याला महापालिका. महापालिकांनाही पुन्हा अ, ब, क, ड असे वर्ग असतात. तो सरकारचा अधिकार आहे आणि शहर वाढतं तेव्हा ते करावंच लागतं. त्यात काही वाईट नाही. पण त्याआधी कायदा एक गोष्ट करतो. तो लोकांना विचारतो. ती सुनावणी म्हणजे तेच विचारणं होतं. हेमाताई, सरकारने गावाचा वर्ग बदलला. गावाचं म्हणणं तुम्ही बदललंत!"

हेमाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके महिने ज्याला ती नाव देत नव्हती, त्याला सरांनी नाव दिलं होतं.

"आता काय करू?" तिने विचारलं.

"रडून दवाखाना उघडत नाही. शहरात ग्रामसभा नसते, पण महापालिकेच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. आपल्या भागातल्या मतदारांनी एकत्र बसून आपली गरज सांगायची. कागदावर आहे, कारण मागायला कोणी जात नाही. आपल्याला शहराचा नळ हवा असतो, शहराच्या कारभारात बसायला वेळ नसतो. ग्रामसभेत तुमच्या टॉवरमधून किती जण जात होते?"

हेमाला उत्तर माहीत होतं. कोणी नाही.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत ती उभी राहिली आणि सुनावणीत काय घडलं ते तिने सांगितलं. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, चांगलंच केलंत की! अट घातली असती तर अजून लटकलो असतो. फ्लॅटचा भाव बघा." आणखी कोणी म्हणालं, गावाचा दवाखाना हा आपला विषयच नाही. हेमाने वाद घातला नाही. दवाखान्यासाठी गावदेवीच्या मंडपात रविवारी बसायचं आहे, ज्याला यायचं त्याने यावं, एवढंच ती म्हणाली. आली थोडी माणसं. त्यात प्रीतम होता, हे पाहून तिला धीर आला. गावातून मात्र मंडप भरला.

अर्ज गेले, स्मरणपत्रं गेली, हेमा रजा टाकून प्रभाग कार्यालयाच्या पायऱ्या चढत राहिली. अखेर एका रविवारी तिथले अधिकारी आरोग्य विभागाच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन मंडपात आले. ही काही कायद्यातली क्षेत्रसभा नव्हती, लोकांनीच बोलावलेली साधी सभा होती. पण टॉवर आणि गाव एका सतरंजीवर बसले होते.

संचिताने सासूला खुर्चीत बसवून आणलं होतं. एव्हाना आवडाबाईंना तुटक बोलता येत होतं. अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हेमाकडे वळून म्हणाले, "यांना त्रास होतोय. यांचं काय ते तुम्हीच सांगा ना."

"नको साहेब," हेमा म्हणाली. "त्याच सांगतील. आपण थांबू."

आवडाबाईंनी ओठ जुळवले. शब्द निसटत होता, त्या पुन्हा धरत होत्या. घाम आला. कोणी पुढचा शब्द सुचवायला गेलं तर संचिताने हाताने थांबवलं.

"आमाला..." त्या म्हणाल्या. बराच वेळ गेला. "आमाला... इचारा."

अधिकाऱ्यांनी वही उघडली.

त्या दिवशी सगळं मिळालं असं नाही. हस्तांतरण पुरं होईपर्यंत महापालिकेची नर्स आठवड्यातून दोन दिवस त्याच दोन खोल्यांत बसेल, एवढं ठरलं. आज ती बसते. बाळांना लस मिळते, म्हाताऱ्यांचं प्रेशर मोजलं जातं. क्षेत्रसभेची मागणी अजून फाइलीत आहे. आवडाबाईंचा उजवा हात मात्र उठत नाही. हेमा त्यांच्या अंगणात जाऊन बसते, तेव्हा त्या डाव्या हाताने चहाची बशी तिच्याकडे सरकवतात. तिने माफी मागितली, त्यांनी नुसती मान हलवली. ती माफी होती की नाही, हे हेमाला अजून कळलेलं नाही, आणि पुन्हा विचारायचा तिला धीर होत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या गावाला कोणता वर्ग द्यायचा हे राज्य ठरवील. पण त्या वर्गात कोणाचा आवाज पोहोचेल आणि कोणाचा दाराशी अडेल, हे आपण ठरवतो. नागरिकाला अ, ब, क, ड असा वर्ग नसतो. दुसऱ्याच्या नावाने बोलायला उभे राहाल तेव्हा त्याचा एकही शब्द गाळू नका, आणि तो स्वतः बोलू शकत असेल तर बाजूला होऊन त्याला वाट द्या. नळाला पाणी आलं म्हणजे शहर झालं असं नाही. सगळ्यात मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारून जिथे कारभार चालतो, तेच खरं शहर!