हिल्मरचा डबा

सिग्नी डोंगरातली. लग्न होऊन दूर उत्तरेच्या समुद्रातल्या, लोफोटेनच्या या बेटावर आली तेव्हा तिला समुद्र ठाऊक नव्हता, मग समुद्रावरच्या माणसांची खुळं कुठून ठाऊक असणार? तिच्या माहेरी माणूस कामाला बाहेर पडला की डब्यात वॅफलं द्यायची, वर बकरीच्या दुधाचं तपकिरी चीज. तसा डबा तिने हिल्मरला दर फेरीला दिला. चोवीस वर्षं. हिल्मर डबा काखोटीला मारायचा, तिच्या कपाळाला नाक घासायचा आणि कॉड मासळी धरायला जायचा.

फेब्रुवारीत गेला तो आलाच नाही. जाळं ओढताना लाट आली आणि बोटीवर पाच होते ते चार राहिले. त्या पाण्यात माणूस किती वेळ तगतो, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. तरी बोटीचा तांडेल ओडवार याने दोन दिवस समुद्र पालथा घातला. देहसुद्धा हाती लागला नाही.

चर्चमधल्या प्रार्थनेनंतर सगळे कॉफी पीत होते. म्हातारी पेट्रा शेजारणीला सहज सांगत होती, "आमच्या वेळी बोटीवर वॅफल न्यायची प्राज्ञा नव्हती. वॅफल चढलं की माणूस गेलाच समजा." म्हातारीच्या मनात काही नव्हतं. तिला बिचारीला डब्याचं ठाऊकही नव्हतं.

सिग्नीने मात्र हाय खाल्ली. नवऱ्याला आपणच बुडवलं, हे तिने मनाशी धरलं ते धरलं. कुणाजवळ बोलली नाही, की रडली नाही. मे महिना लागला तशी तिने खोकी बांधली आणि माहेरी परतायला गुरुवारच्या फेरीबोटीचं तिकीट काढलं. या गावात आता कुठल्या तोंडाने राहायचं?

मंगळवारी सकाळी ओडवार आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"जातेस म्हणे."

"हो."

"तुला करमायचं नाही तिथे. माशाचा वास नाही, काही नाही."

"ओडवार, त्या दिवशी डब्यात वॅफलं होती. मी दिली होती. तुमच्यात ती अपशकुनी, हे मला आत्ता कळतंय. इतकी वर्षं एकानेही का सांगितलं नाही मला?"

ओडवार आत आला आणि खुर्ची ओढून बसला.

"हे घेऊन बसलीयस होय? अगं बाई, तुझं एक वॅफल आजवर माझ्या बोटीवर चढलेलं नाही."

"डबा रिकामा यायचा."

"येणारच. धक्क्यावर उभा राहून सगळी खायचा तो. आमचं इंजिन चालू, दोर सोडायला घेतलेला, आणि हा बाबा वाऱ्याकडे पाठ करून चरतोय. बर्फ पडो नाहीतर पाऊस. एकदा त्याच्यापायी शेजारची बोट आमच्या आधी मासळीवर पोचली. मी शिव्या घातल्या. म्हटलं, बायकोला एकदा सांगून टाक. तर म्हणतो, सांगितलं तर ती करायची थांबेल."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीही. सहाच्या सहा खाल्ली, बोटं चाटली, मग चढला. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला लाटेने नेलं, सिग्नी. मी त्याला वेळेत आत ओढायला हवं होतं, ते माझं मी बघेन. तुझं त्यात काही नाही."

सिग्नी रडली. तीन महिन्यांचं साठलेलं सगळं रडली, आणि रडता रडता तिने नवऱ्याला बोलही लावले.

"मूर्ख मेलं. घरी खाल्ली असती तर गरम तरी मिळाली असती. तुम्हाला तरी द्यायचा का?"

"छे. एकदा मागितलं, तर म्हणाला, तुला तुझी बायको आहे."

तिने डोळे पुसले, तिसऱ्या खोक्याची दोरी कापली आणि वॅफलचा साचा बाहेर काढला. पीठ भिजवलं. पहिलं वॅफल तिने ओडवारपुढे ठेवलं. त्याने ते सावकाश खाल्लं.

"आता कळलं, लेकाचा कुणाला का देत नव्हता," तो म्हणाला आणि दुसरं उचलून, बोटीवर जायचंय म्हणत उठायला लागला.

"बस खाली," सिग्नी म्हणाली. "बसून खा, गरम आहे तोवर. मग ही खोकी सोडायला मला हात लाव."