उजवीकडचा बाक

"मी वर उभा राहून खाली हात हलवणार नाही," पापा म्हणाले आणि माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "झालं. विषय संपला."

"विषय मी काढलाय, मीच संपवेन," ममा म्हणाली. "भात वाढू?"

"वाढ."

ममाला सत्तरावं लागणार होतं. तिला ना नवा झगा हवा होता, ना केक. तिला कालवा पार करायचा होता. पॅसिफिकच्या बाजूने बोटीत बसून थेट दुसऱ्या समुद्रावरच्या आमच्या कोलोनपर्यंत. दिवसभराची सफर, वर छत, खाली खुर्ची, हातात थंड पेला. सगळा जन्म कालव्याच्या काठावर काढलेल्या बाईने तो कधी ओलांडला नव्हता. आमच्या गल्लीत कोणीच ओलांडला नव्हता. कालवा खणला आमच्या पणजोबांनी, आणि सफरीला येतं सगळं जग.

पापांचा राग वेगळा होता. त्यांची सगळी नोकरी गातूनच्या जलद्वारांवर गेली, होडीत. मोठं जहाज आलं की काठावरच्या इंजिनाची दोरी घेऊन दोन माणसं वल्ही मारत त्याच्या पोटाखाली जातात आणि वरून सोडलेल्या दोरीला तिची गाठ मारतात. चुकलं तर जहाज चिरडेल. एवढी यंत्रं आली, तरी या कामाला माणसाचेच हात लागत. आणि वर कठड्यावर रांगेने पाहुणे. हात हलवायचे, फोटो काढायचे. पापांचे फोटो जगभरच्या कपाटांत पडले असतील, नाव एकाखालीही नसेल.

"माकडाला हलवतात तसा हात हलवतात," पापा म्हणायचे. "आणि आता मी त्यांच्यात जाऊन उभा राहू?"

"मग उभा राहू नकोस," ममा म्हणाली. "बस. हात मांडीवर ठेव. कोणी बळजबरीने हलवणार आहे का तुझे हात?"

मला हसू आलं. पापांनी माझ्याकडे डोळे वटारले.

"ग्लोरिस, तू हसू नकोस. ही कल्पना तूच घातलीस हिच्या डोक्यात."

"मी नाही, पापा. तिच्या आजीने घातली."

हे मात्र खरं. ममाची आजी, कीटुरा, बार्बाडोसहून आलेली. इथे तिचं गाव दोस पाल्मास, म्हणजे दोन ताड. कालवा खणताना गोऱ्यांना पगार सोन्यात आणि आमच्या लोकांना चांदीत; दुकानाच्या खिडक्या वेगळ्या, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. पुढे कालव्यासाठी नदी अडवून तलाव भरायचं ठरलं तेव्हा बुडायची पाळी कोणावर आली, हे सांगायला नको. गावामागची टेकडी तेवढी वर राहिली. तिचं आता बेट झालंय.

"आजी मरेपर्यंत म्हणायची, माझी चूल पाण्याखाली आहे," ममा म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "मला एकदा त्या चुलीवरून जायचंय, एग्बर्ट. ते बेट तुला होडीतून रोज दिसायचं, मी कधी पाहिलं नाही. तू आला नाहीस तर मी पण जाणार नाही. घरीच बसेन आणि रोज तुझ्यासमोर उसासे टाकेन."

पापांनी भात संपवला. पाणी प्याले.

"उजवीकडचा बाक धरावा लागेल," ते म्हणाले. "बेट उजव्या हाताला येतं."

त्या दिवसापासून सफर पापांची झाली. ऊन कुठून येईल, वारा कसा असेल, ममाची टोपी उडेल का, सगळं तेच ठरवू लागले. बाहेरचं खाणं चालणार नाही, असं बोटवाल्यांनी सांगितलं होतं. ममाने नारळाचा पाव टोपीच्या डब्यात घातला.

"पकडलं तर?" मी विचारलं.

"तर म्हणेन, टोपीच आहे. चावून बघा."

वाढदिवसाच्या पहाटे आम्ही बसने पलीकडच्या धक्क्यावर पोचलो. फळी लागताच पापा असे घुसले, की एका जर्मन म्हाताऱ्याची काठीच पडली. उजवीकडचा पुढचा बाक मिळाला. पापा राजासारखे बसले. हात मांडीवर.

कर्ण्यावरून वाटाड्या बोलत होता. कोणत्या इंजिनिअरने काय आखलं, कोणत्या अध्यक्षाने काय म्हटलं. खणणाऱ्यांचं एकही नाव त्या कर्ण्यातून बाहेर पडलं नाही. डोंगर जणू इंजिनिअरांच्या टोप्या बघूनच बाजूला सरले होते. ममाचं तिकडे लक्षच नव्हतं. थंड पेला हातात धरून ती उजवीकडचं पाणी न्याहाळत होती.

तलाव लागला. पाणी गेलं, झाडी गेली, आणखी पाणी गेलं.

"आता येईल," पापा म्हणाले.

मी सहज मागे वळले. डावीकडे, जर्मन म्हाताऱ्याच्या खांद्यावरून, एक टेकडीचं बेट हळूच सरकत होतं. माथ्यावर दोन ताडाची झाडं.

"पापा, ते काय?"

पापांनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"एग्बर्ट," ममा म्हणाली, "तुझा उजवा हात कुठला?"

"हाच." त्यांनी उजवा हात वर केला, मग डावा, मग दोन्ही खाली ठेवले. "जहाज माझ्याकडे तोंड करून यायचं ना गं. त्याची डावी बाजू माझ्या उजवीकडे. जन्मभर मी तसंच मोजलं. आत बसून कधी बघितलंय मी?"

ममा इतकी हसली, की पेला हिंदकळला. हसत हसतच ती उठली, टोपीचा डबा घेतला आणि पलीकडे गेली. जर्मन म्हाताऱ्याने काठी जवळ ओढून तिला जागा दिली. तिने पावाचा तुकडा मोडला आणि पाण्यात सोडला.

"गार झालाय आजी, पण खा," ती म्हणाली. दुसरा तुकडा तिने म्हाताऱ्याला दिला. त्याने तो खाल्ला.

बेट मागे पडल्यावर ती बाकावर परत आली. मग पापांना म्हणाली, "बरं झालं चुकलास. या बाजूला सावली आहे."

दुपारनंतर गातून आलं. आमच्यामागून एक भलंमोठं मालवाहू जहाज येत होतं, आणि भिंतीच्या टोकाशी त्याची वाट बघत दोन माणसं होडीत बसली होती. सगळी बोट त्या बाजूच्या कठड्याकडे धावली. हात हलू लागले, फोटो निघू लागले. होडीतल्या दोघांनी माना वर केल्या नाहीत. कोणी शिकवत नाही, आपोआपच शिकतात ते.

पापा उठले. मला वाटलं, आत जातील. ते लोकांमधून वाट काढत कठड्याशी गेले. कठडा दोन्ही हातांनी धरला.

"अहो भाऊ," त्यांनी खाली हाक मारली. "नाव काय तुमचं?"

वल्ह्यावरच्या माणसाने आधी मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

"कोणाला विचारताय?"

"तुम्हालाच."

"ऑल्डेन," तो म्हणाला. "ऑल्डेन स्प्रिंगर. हा रॉनल्डो." दुसऱ्याने वल्हं किंचित उचललं. "आणि आपण?"

पापांनी आधी टोपी काढली, मग नाव सांगितलं.