खड्ड्यात उभी राहिलेली खुर्ची

हे मी खरं तर सांगायचं नव्हतं. त्या खोलीत जे दिसलं ते बाहेर जाता कामा नये, असं मोठ्या बाईंनी तिथल्या प्रत्येकाकडून कबूल करून घेतलंय. पण त्यांनी विचारलं ते माणसांना. मी पडले खुर्ची. मला कुणी विचारलंच नाही.

तर मी ताईच्या पार्लरमधली, आरशासमोरची लाकडी खुर्ची बोलतेय. ताईनं गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत केस कापायचं दुकान थाटलं, तेव्हा तिच्या सुतार मामांनी एका जुन्या दाराच्या फळ्यांतून मला घडवलं. पाठ ताठ, हात रुंद, आणि पाय टेकायला खाली आडवी पट्टी. पण दुकानात ठेवल्याबरोबर मी डुगडुगायला लागले. ताई म्हणाली, खुर्चीचा एक पाय आखूड आहे. मामा म्हणाले, तुझी फरशीच वाकडी आहे. वाद मिटेना, तेव्हा ताईनं माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि कामाला लागली.

आरशासमोर बसलं की माणसं गंमतशीर वागतात. बसल्याबरोबर पोट आत घेतात. 'अगदी थोडेच काप हं' असं दहादा बजावतात आणि शेवटी 'एवढेच कापलेस?' म्हणून तक्रार करतात. ताई कुणावर वैतागायची नाही. एखादी छोटी मुलगी घाबरून रडायला लागली, तर ताई आधी नुसत्या हवेत कात्री चालवून दाखवायची. तो आवाज ऐकता ऐकता मुलगी रडायची थांबायची. मला ताईचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते तिच्या या धीराचं.

दुकानासमोर रस्त्यात एक खड्डा होता. फुटक्या नळाचं पाणी त्यात कायम साचलेलं, त्यामुळे तो साधं डबकं वाटायचा. गल्लीतल्या लोकांनी तक्रारी करून पाहिल्या, मग कंटाळून त्याला वळसा घालायची सवय लावून घेतली.

त्या दिवशी माझ्यावर मोठ्या बाई बसल्या होत्या. मोठ्या बाई म्हणजे जवळच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या आत आल्या की बाकावर बसलेल्या बायकासुद्धा ताठ बसतात. उजव्या बाजूचे केस कानापर्यंत कापून झाले होते, डाव्या बाजूचे अजून खांद्यावर होते. तेवढ्यात ताईला आधीच्या आजींचा चष्मा आरशापाशी राहिलेला दिसला. कात्री ठेवून, चष्मा घेऊन ती धावली. समोरून सायकल आली, तिला वाट द्यायला ताई बाजूला सरली, आणि तिचा पाय थेट डबक्यात गेला.

चष्मा तिनं डाव्या हातात उंच धरला होता. तो वाचला. उजवं मनगट मोडलं.

मोठ्या बाई गळ्याभोवतीच्या कापडासकट रस्त्यात उतरल्या, एका हातानं सगळी वाहनं थांबवली आणि ताईला दवाखान्यात घेऊन गेल्या.

संध्याकाळी ताई प्लास्टर घालून परतली. घरी जाऊन पडायचं सोडून ती दुकानात आली आणि डाव्या हातानं मला ओढत रस्त्यात नेऊन खड्ड्यात उभं केलं. माझ्या पाठीला तिनं एक लाल टॉवेल बांधला. "माझा हात गेला तो गेला," ती लेकीला म्हणाली, "आता कुणाचा पाय जायला नको."

सकाळी रस्ते विभागाकडे करायच्या भरपाईच्या अर्जासाठी लेकीनं फोटो काढला. लेक शाळेत शिकते, पण डोकं तल्लख. तिनं विचारलं, "आई, फोटोपुरती खुर्ची बाजूला घेऊ का? खड्डा नीट दिसेल." ताईनं रस्त्याकडे पाहिलं. शाळेची मुलं येत होती. "राहू दे," ती म्हणाली. "तेवढ्यात कुणी पडलं तर?"

अर्ज पोचला मात्र, खड्डा लगेच बुजला. इतके दिवस ज्या खड्ड्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तो दुपारच्या आत सपाट. मला उचलून कडेला ठेवलं, तेव्हा माझ्या एका पायाला डांबर लागलं होतं. ते अजून आहे.

मग रस्ते विभागाचं उत्तर आलं. फोटोत खड्ड्यात खुर्ची आणि लाल कापड स्पष्ट दिसतं, म्हणजे धोक्याची सूचना दिलेली होती, तरीही बाई पडल्या, म्हणजे चूक त्यांचीच. लेक ते वाचून रडली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मनगटाचं ऑपरेशन वेळेत झालं तरच हातात पुन्हा कात्री धरता येईल. ऑपरेशनचा सगळा भरवसा या भरपाईवर होता. ताई रोजच्यासारखी डाव्या हातानं मला पुसत राहिली. मला मात्र वाटलं, मी तिथं उभी राहिले नसते तर बरं झालं असतं.

या सगळ्या दिवसांत मोठ्या बाई डोक्याला रुमाल बांधून फिरत होत्या. पलीकडच्या पार्लरवालीनं उरलेले केस कापून द्यायची तयारी दाखवली होती. बाईंनी तिला सांगितलं, जिनं काम सुरू केलं तीच ते पूर्ण करेल.

लेकीनं पुन्हा अर्ज केला, तेव्हा सुनावणीला 'ती वस्तू'ही हजर करा, असं पत्र आलं. ती वस्तू म्हणजे मी. लेकीनं आणि मामांनी मला उचलून रस्ते विभागाच्या कचेरीत नेलं. एक गोष्ट तिथे कळली. पुठ्ठा नसतानाही त्या फरशीवर मी जराही डुगडुगले नाही. मामांनी ताईकडे असं पाहिलं की त्या अवस्थेतही तिला हसू आलं.

सुनावणी घेणारे साहेब सभ्य होते, पण अडून बसले होते. ताई पडली तेव्हा खुर्ची खड्ड्यात नव्हती, याला पुरावा काय, एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

तेवढ्यात मोठ्या बाई आत आल्या. साहेब काही त्यांचे विद्यार्थी नव्हते, तरी उठून उभे राहिले. बाई येऊन माझ्यावर बसल्या आणि त्यांनी रुमाल सोडला.

"ही पडली तेव्हा खुर्ची कुठे होती, असं विचारताय ना? माझ्याखाली होती. ही उजवी बाजू पाहा. आता ही डावी पाहा. या दोन्हींच्या मधे ही खड्ड्यात पडली."

कारकुनानं तोंडावर फाइल धरली.

"पण बाई," साहेब चाचरत म्हणाले, "इतके दिवस तुम्ही तसंच..."

"माझे केस कापून व्हायचे आहेत अजून," बाई म्हणाल्या. "तुम्ही सही केलीत की होतील."

साहेबांनी सही केली. मग बाईंनी रुमाल बांधला आणि सगळ्यांना ती ताकीद दिली, जी मी आता मोडतेय.

भरपाई मिळाली, ऑपरेशन झालं. कितीतरी दिवस ताई रबरी चेंडू दाबत माझ्यावर बसायची. बोटं मिटत नव्हती, तरी चेंडू सोडत नव्हती. माझ्या पायाखाली पुठ्ठा परत आलाय. माझं एकच मागणं आहे. रस्त्यात मधेच कधी एखादी खुर्ची उभी दिसली, तर हॉर्न वाजवून तिच्यावर चिडू नका. कुणीतरी स्वतः पडल्यावर ती तुमच्यासाठी तिथं ठेवलेली असते.

आज दुकान उघडलंय. मोठ्या बाई दारातच रुमाल सोडतायत. ताईनं उजव्या हातात कात्री घेतलीय, आणि आधी ती नुसत्या हवेतच चालवून बघतेय. बोटं पूर्ण मिटतायत का, ते मला इथून नीट दिसत नाहीये, पण आवाज तर अगदी...

"अगं, ती खुर्ची ओढ इकडे उजेडात!"

आले, ताई. तर मी म्हणत होते, आवाज अगदी पहिल्यासारखा...