जाळल्याची तारीख

ताई आली तेव्हा मी मातीचा आंबटपणा मोजायच्या यंत्राशी भांडत होतो. यंत्र म्हातारं झालंय, मीही झालोय, आणि सकाळी सुरू व्हायला दोघांनाही वेळ लागतो. एकतीस वर्षं या प्रयोगशाळेत मी लोकांची माती वाळवतोय, कुटतोय, चाळतोय. आता कुणी पिशवी घेऊन दारात उभं राहिलं की आधी त्याचा रागच येतो.

"बाळ्या, बस, उठू नकोस," ताई म्हणाली. सत्तावन्नाव्या वर्षी मला बाळ्या म्हणणारी आता हीच एक उरली आहे. "हे खाली बाकावर बसलेत. तीन जिने चढणं ह्यांच्या गुडघ्यांना होत नाही."

हे म्हणजे दाजी. दोघं डोंगरात, जंगलाच्या कडेला राहतात. तिथली शेती अशी, की जंगलाचा एक तुकडा तोडायचा, वाळू द्यायचा, पेटवायचा आणि राखेत पेरायचं. दोन-तीन पिकं निघाली की तो तुकडा जंगलाला परत करायचा आणि स्वतः दुसरीकडे सरकायचं. पंधराएक वर्षांनी झाडं पुन्हा माजली की फिरून तिथे यायचं. दाजींच्या वडिलांनी हेच केलं, त्यांच्या वडिलांनीही.

ताईने मातीची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. मग पदराआडून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढे सरळ करून ठेवला. अक्षर माझं, सही माझी, शिक्का या खोलीतला. सहा वर्षांपूर्वीचा. आंबटपणा योग्य, पिकाला लागणारी खनिजं, पालाश आणि स्फुरद, दोन्ही उत्तम. आणि सगळ्याच्या खाली, कुठल्याही नियमात बसत नसताना, मी लाल शाईने लिहिलं होतं, 'जमीन सोन्यासारखी आहे.' बहिणीला बरं वाटावं म्हणून.

"कागद म्हणतो जमीन चांगली. मग आमचं चुकतंय कुठे?" ती म्हणाली. "मक्याचं कणीस या अंगठ्याएवढं येतं. तण मात्र कमरेपर्यंत."

"तोच तुकडा? अजून तोच पेरताय?"

"मग काय! हे तिसऱ्याच वर्षी म्हणायला लागले, जमीन दमली, सोडू या. मी म्हटलं, माझ्या भावाने शिक्का मारून दिलाय. जमीन नाही दमली, तुम्ही दमलात." ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "फार बोलले रे मी त्यांना. आळशी म्हटलं, कामचुकार म्हटलं, भरल्या ताटावर बोलले. आता ते बोलतच नाहीत. सकाळी उठतात, कुदळ घेतात, जातात. नवी पिशवी बघ आणि सांग काय ते. म्हणजे एकदाचं कळेल, दोष जमिनीत आहे की त्यांच्यात."

तिने माती घरीच वाळवून आणली होती. मी ती कुटायला घेतली. पिवळट ढेकळं, विटेच्या तुकड्यांसारखी कडक. एक बारीक मूळ नाही, एक काळा कण नाही. चाळताना धूळ उडाली आणि मला खोकला आला. ताई स्टुलावर बसल्या बसल्या पेंगली. पहाटेची निघालेली, दोन गाड्या बदलून आलेली. तिच्या टाचांच्या भेगांत तीच पिवळी माती होती.

आकडे यायला दुपार झाली. माती लिंबासारखी आंबट झाली होती. पालाश नावाला, कुजलेल्या पाल्यातून येणारा सेंद्रिय कर्ब त्याहून कमी. मी जुना कागद पुन्हा हातात घेतला. एवढा वेळ मी त्याच्याकडे नीट बघायचं टाळत होतो, हे खरं आहे. वर उजव्या कोपऱ्यात एक रकाना आहे, जाळल्याची तारीख. तो कोरा होता.

"ताई," मी तिला हलवलं. "तेव्हा माती कधी आणली होतीस? जाळल्यावर किती दिवसांनी?"

"दिवस कसले? राख जरा गार झाली आणि आणली. पायाला चटके बसत होते. म्हटलं, तुला ताजी मिळावी."

"आणि नेमकी कुठून घेतलीस?"

"सगळ्यात मोठं खोड जळालं होतं ना, तिथून. चांगल्यातली चांगली काळीभोर होती. द्यायची तर चांगलीच द्यावी की."

तिच्यावर ओरडता आलं असतं. वर्षभरात अशा शंभर जणांवर मी ओरडतो. पण तिचं काय चुकलं होतं?

"ताई, ती माती नव्हतीच गं, राख होती. तिथलं सगळं बळ झाडांत असतं. झाडं जाळली की ते एकदम खाली उतरतं. दोन पावसाळे, फार तर तीन. मग धुऊन जातं. मी मोजलं ते जळलेलं जंगल. खालची माती पहिल्यापासून गरीबच होती. झाडं परत वाढू दिली, पानं कुजू दिली, तरच ती पुन्हा काही देते. दाजी म्हणत होते तेच खरं."

तिने जुना कागद माझ्या हातातून घेतला आणि लाल शाईवर बोट ठेवलं.

"तुला हे तेव्हा माहीत नव्हतं?"

"माहीत होतं." खोटं बोलायचं त्राणही माझ्यात नव्हतं. "नव्या लोकांना मीच शिकवतो, राखेचा नमुना घेऊ नका म्हणून. रकाना कोरा दिसला होता मला. तू घाईत होतीस, मी खुशीत होतो. विचारलं नाही."

मला तिच्यापुढे इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लिहून दे," ती म्हणाली. "ह्यांचं बरोबर होतं असं लिही. शिक्का मार. मला तोंडाने नाही जमायचं रे. तीन वर्षं बोललेय, आता कुठल्या तोंडाने सांगू?"

मी नवा कागद घेतला. जाळल्याची तारीख आधी भरली. मग आकडे. शिफारशीच्या रकान्यात लिहिलं, 'जमीन दमली आहे. सोडून द्यावी. कसणाऱ्याचं म्हणणं तिसऱ्या वर्षीच बरोबर होतं. चूक तपासणाऱ्याची.' शिक्का दोनदा मारावा लागला, पहिल्यांदा शाई उमटलीच नाही.

आम्ही तीन जिने उतरलो. दाजी बाकावर एक पाय लांब करून बसले होते. माझ्या आठवणीपेक्षा बरेच बारीक. ताईने नवा-जुना दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले आणि ती फाटकाकडे तोंड करून उभी राहिली. त्यांनी नव्यावर बोट ठेवून, सावकाश, ओळ न ओळ वाचली. शेवटची दोनदा. मी वाट बघत होतो, आता म्हणतील, मी सांगत होतो ना. तेवढा हक्क त्यांचा होताच.

"किती वर्षं सोडायची?" त्यांनी विचारलं.

"पंधरा तरी, दाजी. इतकी पेरल्यावर जास्तच."

त्यांनी मान हलवली. ते सदुसष्ट वर्षांचे आहेत. नवा तुकडा तोडायला आता त्यांच्याच्याने कुऱ्हाडही उचलवणार नाही, हे मला दिसत होतं आणि ताईला माझ्या आधीपासून दिसत असणार. तिचे खांदे हलायला लागले. दाजींनी हात लांब करून तिला बाकावर ओढून बसवलं.

"रडू नकोस," ते म्हणाले. "मलाही शेवटी शेवटी वाटायला लागलं होतं, मीच आळशी आहे."

मग त्यांनी नवा कागद नीट घडी करून खिशात घातला, आणि प्लास्टिकमधला जुना माझ्यापुढे धरला.

"हा तुझा तू ठेव."