छत्तीस फुटांतले चार फूट

इशबेल फार्कर्सनने चाळीस वर्षं किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचे चुणीदार घागरे, शिवले. आठ-आठ वार लोकरी कापड, सगळ्या चुण्या हातानं घातलेल्या. त्या कामानंच उजवा खांदा गेला. शस्त्रक्रिया झाली, हिवाळा घरातच सरला. एप्रिलमध्ये ती पुन्हा मासे धरायला स्पे नदीत मांडीभर पाण्यात उभी राहिली, तेव्हा तिच्या गळाची जुनी दोरी काही केल्या उचलेना. दोन्ही हातांनी धरायची चौदा फुटी गळाची काठी तीच होती. पण साठ फूट लांबीची जाड दोरी पाण्यातून उपसायला लागणारा जोर खांद्यात उरला नव्हता.

“काठी विकून टाक,” तिचा दीर डूगल म्हणाला. नवरा गेल्यापासून दर शनिवारी ती आणि डूगल मिळून सामन मासे धरायला जात. “मी घेतो, हवं तर.”

“तू वाटच बघत बस,” इशबेल म्हणाली आणि सरळ ग्रँटाउनच्या दुकानात गेली.

दुकानदारबाईंनी आखूड जातीच्या दोन दोऱ्या काढल्या. दोन्हींत सगळं वजन पुढच्या छत्तीस फुटांत. मागची दोरी बारीक, सरसर सुटणारी. गळावर आमिष म्हणून बांधलेल्या पिसांच्या नकली माशीला वजन नसतंच, तिला पलीकडे नेतं ते दोरीचं वजन. एक दोरी हलकी होती, दुसरी जड. इशबेलने जड उचलली.

“खांदा असा असताना?” डूगलने कपाळाला हात लावला.

“नदीच्या आपल्या वळणावर वारा समोरून येतो. हलकी दोरी माघारी येऊन माझ्याच टोपीवर पडेल. आणि हलकी जड करता येत नाही. जड मात्र हलकी करता येते.”

पुढच्या शनिवारी नदीवर पहिल्याच फेकीला काठी मुठीपर्यंत वाकली आणि दोरी वेटोळं होऊन धप्पकन समोर पडली. डूगल पोट धरून हसला. इशबेल काठावर आली, पिशवीतून कात्री काढली आणि जाड भागाच्या मागच्या टोकाचे दोन फूट कापले.

“अगं बाई! कोरी करकरीत दोरी! डोकं फिरलंय का तुझं?”

“पहिल्याच मापात कधी काही अंगाला बसलंय का? सरक, उजेड अडवू नकोस.”

रेशमी दोऱ्यानं तिनं टोकाला नवा फास शिवला, बारीक दोरी त्यात अडकवली आणि पुन्हा फेकलं. बरं होतं, पण काठी अजून कण्हत होती. आणखी एक फूट गेला. मग आणखी एक. दर वेळी डूगल डोळे मिटून घेई.

चौथ्या फेकीला तिनं ताकद लावलीच नाही. मागे झाडं होती, म्हणून दोरी पाण्यावरच वळवली, काठीला वाकू दिलं आणि सोडलं. वाऱ्याला कापत दोरी पलीकडच्या खडकाजवळ जाऊन अलगद उलगडली. खांद्यात कळ आली नाही. ती तशीच पावलापावलानं खाली सरकत फेकत राहिली.

अकराच्या सुमारास ओढ लागली. दहा-बारा पौंडांची चंदेरी सामन मादी वीस मिनिटं झुंजली. इशबेलने तिला पाण्यातच धरून गळ काढला, तिचं तोंड प्रवाहाकडे करून जरा थोपवलं आणि सोडून दिलं.

“डूगल,” ती ओले हात पुसत म्हणाली, “परवाना कचेरी किती वाजता बंद होते?”

“बाराला. का?”

“मग गाडी काढ. आजचा परवाना एका दिवसाचाच होता, आता अख्ख्या मोसमाचा घ्यायचाय मला.”