हालप्पाच्या बिल्ल्यावरची अठरा वर्षं

माझी तान्ही इंचरा दुपारी दोनला झोपायची आणि बरोबर त्याच वेळी शेजारचे कोट्रप्पा अज्जा दारात येऊन खाकरायचे. कडी वाजवली तर पोर उठेल, म्हणून खाकरणं. बंगळूरला नोकरीला असलेला माझा नवरा महिन्यातून दोनदा यायचा. बाकीचे दिवस माझ्याशी बोलणारं मोठं माणूस म्हणजे हे अज्जा, आणि त्यांच्याशी बोलणारी मी. त्यांची बायको पार्वतव्वा जाऊन दीड वर्ष झालं होतं, पोरं परगावी होती.

त्या दिवशी त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. हरिहरच्या रस्त्याला नवी सूतगिरणी निघाली होती. नव्या पोरींना सूत कातायच्या साच्यावर काम शिकवायला जुनी माणसं हवी होती. अज्जा चौकशी करून आले होते आणि तिथल्या कारकुनानं चिठ्ठीवर दोनच अक्षरं लिहून दिली होती, सीव्ही.

"हे काय असतं गं अव्वा? दाखला का?"

"नाही अज्जा. दाखला दुसरा कुणीतरी देतो. हे आपलं आपणच लिहायचं. आपण कोण, काय शिकलो, कुठं काय काम केलं. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, की हा माणूस आपल्या कामाचा आहे."

"मग लिही. माझी आई कोट्टूरच्या जत्रेत..."

"आई नको. एकच पान असतं."

"एक पान? पार्वती एवढ्या कागदावर नुसतं वाणसामान लिहायची!"

मी लॅपटॉप उघडला आणि कन्नडमध्ये वर मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव टाकलं, त्याखाली वडिलांचं, बसप्पा. शेवटचं काम सगळ्यात आधी लिहायचं, असं सांगितल्यावर त्यांना हसू आलं. "म्हणजे उलट्या पावलांनी चालायचं. बरं. आधी मंडक्कीची भट्टी. वीस वर्षं चुरमुरे भाजले. त्याच्या मागं गिरणी, अठरा वर्षं, रिंग खातं, सूत कातायचं." मग आवाज बारीक करून म्हणाले, "पण तिथं माझं नाव नको घालूस."

"म्हणजे?"

"मी हालप्पाच्या बिल्ल्यावर होतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. हालप्पा गिरणीत कायम कामगार होता. त्याला सासरची पिठाची चक्की मिळाली आणि तो तिकडं गेला. पण गिरणीतली जागा सोडवेना. मुकादमानं त्याच्या हजेरीच्या बिल्ल्यावर बदलीवर आलेल्या या पोराला, म्हणजे अज्जांना, उभं केलं. चार दिवसांसाठी. ते चार दिवस गिरणी बंद पडेपर्यंत चालले. हजेरीला हालप्पा पुकारलं की हे ओ द्यायचे. बोटाला टाके पडले तेही दवाखान्यात हालप्पाच्या नावावर.

"सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला वाईट वाटायचं नाही. मलाही नाही. साचा काय नाव विचारतो?"

आमच्या या गिरण्यांच्या दावणगेरेत अशी कितीतरी माणसं असतील. मी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं: 'अठरा वर्षं रिंग खात्यात काम. हजेरी हालप्पा यांच्या नावावर, काम माझं.' वाचून दाखवलं तर अज्जांनी मान हलवली. "खरं आहे. पण असं कुणी लिहितं का?"

"आपण लिहू."

मग शेवटी राहिली ओळख देणारी दोन माणसं, ज्यांना आपलं काम ठाऊक आहे अशी. अज्जा बोटांवर मोजू लागले. मुकादम, तो गेला. हालप्पा गेला. शेजारच्या साच्यावरचा बसण्णा मुलाकडं शिवमोग्ग्याला असतो. तो आता स्वतःच्या मुलालाही ओळखत नाही म्हणे. अज्जांचा मोजणारा हात तसाच अर्धा मिटलेला राहिला.

"तुझं नाव चालेल?"

"मी तुमचं काम कुठं पाहिलंय?"

"परवा पोरीच्या झबल्याचा सुटलेला धागा सांधला. गाठ दिसली का तुला?"

दिसली नव्हती. मी माझं नाव घातलं. दुसरं घातलंच नाही.

सोमवारी धुवट शर्ट घालून अज्जा गेले. काम मिळालं तर सकाळी नऊ ते सहा, डबा, चार माणसांचा आवाज. पगारापेक्षा तेच त्यांना हवं होतं. "घरात दुपारी भिंतीवरचं घड्याळ फार मोठ्यानं चालतं गं," असं ते एकदा म्हणाले होते.

परत आले ते खाकरलेच नाहीत. दारातच उभे होते.

"काय म्हणाले?"

"साहेब चांगला आहे, पोरगाच आहे. साच्यावर उभं केलं, धागे तोडून दिले. मी सांधले. तो खूश! मग कागद बघितला. म्हणाला, जुन्या गिरणीच्या यादीत हालप्पाच आहे, कोट्रप्पा नाही. अज्जा, हालप्पा म्हणून कागद आणा, कंत्राटाचं काम आहे, कोण बघतोय. उद्यापासून या."

"मग?"

"मग काय? बदल की नाव. अठरा वर्षं होतोच ना."

मी लॅपटॉप उघडला. त्यांच्या त्या घड्याळाच्या दुपारी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. वरचं नाव पुसून हालप्पा लिहिलं. पुढच्या ओळीवर आले. "वडिलांचं नाव?"

अज्जा पडद्याजवळ वाकले.

"अज्जा?"

"ठाऊक नाही. हालप्पाला कधी विचारलंच नाही." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "आता तिथं बसप्पा नसणार?"

"नाही. तुमचे वडील नसणार."

"आणि खाली बायकोचं?"

"ते लिहीत नाहीत. पण उद्या कुणी विचारलं, तर हालप्पाची बायको सांगावी लागेल."

इंचरानं झोपेत चोखल्यासारखे ओठ हलवले. अज्जा तिच्याकडं बघून म्हणाले, "तेव्हा मी गिरणीतून सुटलो की घरी कोट्रप्पा होतो, अव्वा. हिच्याएवढी माझी पोरं होती, पार्वती होती. आता घरी जाऊन कोण होऊ? राहू दे. होतं ते परत घाल."

"या कागदावर ते घेणार नाहीत, अज्जा."

"कळलं ते मला."

मी नाव परत घातलं. बसप्पा होतेच. मी ते कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं; आपल्याजवळ ठेवायला एक प्रत छापून आणतो, असं म्हणून अज्जा गेले. थोड्या वेळानं त्यांचं दार उघडल्याचा आवाज आला, मग लावल्याचा. त्यानंतर भिंतीपलीकडून काहीच नाही.

पोर उठली. तिला कडेवर घेऊन मी त्यांच्या दाराशी गेले. इथं राहायला आल्यापासून चार महिने नुसतं अज्जा म्हणत आले होते. उभ्या उभ्या जरा लाजच वाटली.

"कोट्रप्पज्जा," मी हाक मारली, "चहा ठेवतेय."

आतून ओ यायला बराच वेळ लागला.