पर्याय ड

राज्यशास्त्रात पीएचडी करणाऱ्या माणसाला ‘पुढे काय?’ हा प्रश्न पुण्यात कोणीही विचारू शकतं, आणि विचारतंच. पद्मजाचं त्यावर ठरलेलं उत्तर होतं, “बघू.” तोवर पोटापाण्याची सोय म्हणून ती नारायण पेठेत बजरंग सरांच्या स्पर्धा परीक्षा क्लासमध्ये राज्यघटना शिकवायची.

बजरंग सरांचा नियम सोपा होता. प्रश्न, चार पर्याय, एक उत्तर. पहिल्याच तासाला तिने एका प्रश्नाची दुसरी बाजू सांगायला घेतली, तेव्हा सर दारातूनच म्हणाले, “मॅडम, दुसरी बाजू विद्यापीठात. इथं पोरांना अधिकारी व्हायचंय.” तिला राग आला होता. पण हळूहळू जीभ वळली, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात मजाही यायला लागली.

अखेर प्रबंधाच्या तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरचे परीक्षक म्हणून श्रीनिवास सर येणार होते, आणि त्यांच्या कॉलेजात राज्यशास्त्राची एक कायमची जागा रिकामी होती. हे विभागातल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. पद्मजाच्या लेखी ही मुलाखतच होती. साडी चुरगळू नये म्हणून ती कोथरूडहून रिक्षाने आली. परीक्षेनंतर सगळ्यांना द्यायचे बटाटेवडे आणि कॉफी प्रथेप्रमाणे तिनेच सांगून ठेवली होती.

तिने किल्ला उत्तम लढवला. शेवटी श्रीनिवास सर चष्मा पुसत म्हणाले, “तर मग ग्रामसभेत निर्णय नेमका घेतं कोण? सरपंच, ग्रामसेवक, गावकरी, की सभेआधीच कुणाच्या तरी ओसरीवर ठरतं?”

“पर्याय ड,” पद्मजा म्हणाली.

तिच्या मार्गदर्शक हेमाताईंनी कपाळाला हात लावला.

“क्लासला शिकवता वाटतं?” सरांनी विचारलं.

“हो, सर.” गेली जागा, असं तिला वाटलं.

पदवी द्यावी अशी शिफारस मात्र झाली. वडे संपत आले तेव्हा श्रीनिवास सरांनी तिला व्हरांड्यात बाजूला बोलावलं. पद्मजाच्या जिवात जीव आला.

“आमच्याकडच्या जागेबद्दल ऐकलं असेल आपण.”

“हो, सर.”

“ती भरायला परवानगीच नाही. मी निवृत्त झालो की माझीही भरणार नाहीत.”

एवढी वर्षं त्या एका जागेकडे डोळे लावून काढली होती, आणि ती भरणारच नाही हे तिला कॉफी पिता पिता, उभ्या उभ्या कळलं. फार वाईट वाटलं तिला.

सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “माझा मुलगा, माधव. राज्यशास्त्रातच पीएचडी झालाय. सध्या घरीच असतो. तुमच्या त्या क्लासमध्ये त्याचं काही जमेल का?”

मघाशी ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, तसे आता ते तिच्या तोंडाकडे पाहत होते.

“विचारते,” पद्मजा म्हणाली. “फक्त माधवना आधीच सांगून ठेवा, दुसरी बाजू काढायची नाही.”